विजोड भागांतून एक ट्रक

प्रतिकृती म्हटली की ती कोरी, चकचकीत असावी अशी आपली समजूत असते. पण रस्त्यावरचा ट्रक कोरा राहतो तरी किती दिवस? लासलगावचा कांदा घेऊन कसारा घाट उतरणाऱ्या गाडीचे खरे रूप तिच्या मळात आणि पोच्यांत असते. असा जुना ट्रक निरनिराळ्या संचांतील उरलेल्या भागांतून कसा उभा करावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

ही रीत हलकी मानण्याचे कारण नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील अवकाशयानांच्या प्रतिकृतींवर रणगाडे व मोटारींच्या बाजारी संचांतील तुकडे चिकटविलेले होते. आपल्याकडे तर खरा ट्रकच असा घडत आला. टाटांनी डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. परंतु कारखान्यातून पुष्कळदा चासी, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग एवढेच बाहेर पडे; केबिन व लाकडी हौदा ठिकठिकाणचे कारागीर बांधीत. विजोडपणा हा या वाहनाचा स्वभावच होय.

तथापि विजोड म्हणजे बेप्रमाण नव्हे. ९.००-२० मापाच्या टायरचा व्यास सुमारे एक मीटर असतो. तो १:२४ प्रमाणात ४२ मिलिमीटर, तर १:३५ प्रमाणात २९ मिलिमीटर होतो. ही दोन चाके एका गाडीला शोभणार नाहीत. १:२४ आणि १:२५ यांत मात्र फरक चार टक्क्यांचाच. ते भाग खुशाल मिसळावेत. एक नियम पाळावा: जेथे माणसाचा हातपाय लागतो ते दार, आसन, स्टीअरिंग व पायरी एकाच प्रमाणातील असावीत. टाकी, दिवे, अवजारपेटी यांत सूट घेता येते. परदेशी संचात स्टीअरिंग बहुधा डावीकडे असते. ते उजवीकडे आणावयास विसरू नये.

हौद्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या उत्तम. प्लॅस्टिकचा सिमेंट प्लॅस्टिकला विरघळवून सांधतो, लाकडाला धरीत नाही. तेथे अ‍ॅरल्डाइट वापरावे. ट्रक भरलेला दाखवावयाचा असल्यास स्प्रिंगचे पाटे सपाट करावेत, रिकामा असल्यास कमानदार ठेवावेत.

आता जुनेपणा. मूळ रंग अ‍ॅक्रिलिकचा द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला गडद तपकिरी तैलरंग सांध्यांत सोडावा. टर्पेंटाइनने वाळलेला अ‍ॅक्रिलिक सुटत नाही. स्पंजाच्या तुकड्याने कडांवर रंग उडाल्याचे ठिपके उमटवावेत. शेवटी खडूची पूड म्हणजे धूळ.

प्रत्येक डागाला कारण हवे. क्लिनर डावीकडून चढतो, म्हणून डावी पायरी अधिक झिजते. डिझेलच्या झाकणाखाली काळा ओघळ येतो. वायपर फिरतो तेवढी काच स्वच्छ राहते. लोखंड गंजते, लाकूड गंजत नाही, करडे पडते. इगतपुरीच्या पावसातून आलेल्या गाडीचा चिखल चाकांमागे दाट आणि वर विरळ असतो. कारणाशिवाय फासलेला मळ म्हणजे निव्वळ घाण.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे निराळे सांगावयास नको. जुने बॉनेटवाले ट्रक भंगारात गेले. त्यांवर राबलेल्या चालक-क्लिनरांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्या श्रमाची नोंद पायरीच्या झिजेत आणि दाराच्या पोच्यात होती. ती नीट वाचून वीतभर प्रतिकृतीत उतरविणे, हाही एक अभ्यासच आहे.