ठेकेदार गायब झाला, पगार बुडाला का?

प्रश्न : बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या गोदामात ठेकेदाराकडे पॅकिंगला होतो. दोन महिन्यांचा पगार आणि ओव्हरटाइम थकलाय, तो फोन उचलत नाही. नेमणूकपत्रही नाही. काय करू?
– एक वाचक

उत्तर : धीर सोडू नका. नेमणूकपत्र नाही म्हणून हक्क जात नाही. गेटपास, पासबुकातली जुन्या पगाराची नोंद, 'उद्या रात्रपाळी' असे व्हॉट्सॲप मेसेज, सगळे पुरावेच. फोन बदलण्याआधी जपून ठेवा. ठेकेदाराने थकवलेला पगार गोदामाच्या मूळ कंपनीला द्यावा लागतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने. वेतन संहिता, २०१९ नुसार तीन वर्षांत दावा करता येतो. बन्नेरघट्टा रोडवरच्या कार्मिक भवनात, म्हणजे कामगार खात्याच्या कार्यालयात, लेखी तक्रार द्या, पोच घ्याच. मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करा. कोऱ्या कागदावर सही मात्र मुळीच नको.