पायांचें रक्षण व साधनांची निवड

व्यायामशाळेंत पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याचें लक्ष प्रथम दंड व छाती यांकडे जातें. पायांची आठवण गुडघा सुजल्यावर होते. वास्तविक शरीराचा सारा भार पायांवरच असतो. म्हणून कुस्ती, कराटे किंवा तायक्वांदो शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींसाठीं पायांच्या संरक्षक साधनांचा थोडा विचार येथें करीत आहों.

प्रथम, कोणत्या खेळांत पायाचा कोणता भाग धोक्यांत असतो, हें ओळखावें. आपल्या बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनीं २०१८ सालीं गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक व २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तें गादीवरील कुस्तींत. आखाड्यांतील मल्ल अनवाणी लढतो. उकरून मऊ केलेली तांबडी माती हेंच त्याचें संरक्षण. गादीवर मात्र गुडघे वारंवार टेकतात व घासतात. तेथें धातूचा अंश नसलेला हलका नीपॅड आणि घोट्यास आधार देणारे, टाच नसलेले बूट घ्यावे.

कराटे व तायक्वांदो यांत पायानेंही प्रहार होतो. नडगीच्या पुढील हाडावर स्नायूंचें आच्छादन नसतें, केवळ कातडी असते. म्हणूनच तेथील आघात असह्य होतो. यासाठीं शिनगार्ड हवा. कराटेच्या सरावांत पावलाची वरची बाजूही झांकावी.

आतां मापाविषयीं. आपल्या घरोघरीं मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. काटकसर म्हणून ती रीत चांगली. परंतु शिनगार्डास ती लावूं नये. सैल शिनगार्ड लाथ बसतांच फिरतो आणि नडगी उघडी पडते. मग साधन असून नसल्यासारखेंच! गुडघ्याखालून घोट्याच्या वरपर्यंतची लांबी व पोटरीचा घेर फितीनें मोजून दुकानांत जावें. साधन बांधून दहा बैठका काढाव्या, उड्या माराव्या, हळूच लाथ फिरवून पाहावी. तें सरकलें तर सैल. बोटांस मुंग्या आल्या तर घट्ट. अंगठ्यानें दाबल्यावर हाडास दाब जाणवला, तर आंतील भर अपुरी समजावी. किंमत अधिक म्हणून वस्तु चांगली असें नव्हे. कडा टणक नसाव्या, कारण त्या सोबत्यास लागतात.

एकाचें साधन दुसऱ्यानें वापरूं नये. घामट कापडांतून गजकर्णासारखे त्वचारोग पसरतात. सरावानंतर तें पुसून सावलींत, वाऱ्यावर वाळवावें. बंद पिशवींत कोंबून ठेवूं नये.

शेवटीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. नीपॅड खरचटणें व मुका मार कमी करतो; पिळलेल्या गुडघ्याचे स्नायुबंध तो वांचवूं शकत नाहीं. तें काम मांड्यांच्या बळाचें, योग्य उतरणीचें व गुरुजनांच्या देखरेखीचें. गुडघा सुजला किंवा लचकला, तर पट्टा आवळून पुन्हा खेळूं नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि अंगावर कवच आहे म्हणून प्रहाराचा जोर वाढवावा, असाही त्याचा अर्थ नव्हे. समोर उभा असतो तो आपला सोबती. त्याचेही पाय उद्यां शाळेची वाट चालावयाचे आहेत.