फाइल उघडेल ना?

सांगली,
रविवार

चि. मनूस,


तुझा लांबलचक निरोप वाचला. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर द्यायला बसलो, दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. म्हणून हे पत्र. तुझा प्रश्न तसा एका ओळीचा आहे: वेबसाइट बांधायला वेबफ्लो, फ्रेमर, विक्स, स्क्वेअरस्पेस, वर्डप्रेस यांतलं एकच शिकायचं तर कुठलं? खाली तू तक्ताही जोडलायस, प्रत्येकाला दहापैकी गुण देऊन. तक्ता सुरेख आहे, रंगसंगती तर फारच. पण त्यात एक रकाना नाही, आणि मला त्याच रकान्याबद्दल बोलायचंय.

१९९७ साली मी गणपती पेठेतल्या एका बोळात डीटीपीचं दुकान काढलं, तेव्हा तू जन्मायची होतीस. पेजमेकर, एक लेझर प्रिंटर आणि देवनागरी फॉन्टचं एक सॉफ्टवेअर. ते चालायचं संगणकाच्या पाठीला एक कुलूप खोचलं तरच. त्याला आम्ही डाँगल म्हणायचो. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची दोनशे पानी स्मरणिका मी त्यावर लावली. दहा वर्षांनी हीरकमहोत्सव आला आणि जुने लेख पुन्हा छापायचं ठरलं. सीडी जपून ठेवली होती, फाइलही उघडली. पण डाँगल केव्हाच मेलं होतं, विकणारा धंदा बदलून गेला होता, आणि पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता चिवडा. त्या काळचे फॉन्ट असेच होते. रोमन अक्षराच्या घरात ‘क’चं चित्र बसवलेलं, फॉन्ट गेला की घर उरायचं, राहणारा नाही. दोनशे पानं पुन्हा टाइप करून घेतली. पैसे मागायला तोंड नव्हतं.

तर तुझ्या तक्त्यात नसलेला रकाना हा: उद्या इथून बाहेर पडायचं झालं तर हातात काय उरेल?

हसू नकोस, हे म्हाताऱ्याचं भय नाही. जिओसिटीज १९९४ साली सुरू झालं, लोकांनी तिथे हौसेनं घरं थाटली, १९९९मध्ये याहूनं ते विकत घेतलं आणि २००९मध्ये बंद केलं. ॲडोबीचं म्यूझ आठवतंय? तुझ्यासारख्या, कोड न लिहिणाऱ्या डिझायनरांसाठीच ते २०१२ साली आलं. २०१८च्या मार्चमध्ये नवं काम थांबवल्याची घोषणा झाली, २०२०च्या मार्चमध्ये उरलासुरला आधारही संपला. आणि गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवर फुकट मिळणाऱ्या त्या एकपानी साइट्स, ज्या आपल्याकडच्या निम्म्या दुकानदारांनी पोराटोरांकडून करून घेतल्या होत्या, त्या २०२४च्या मार्चमध्ये मिटल्या. मोठ्या कंपनीचं आहे म्हणून टिकेल, हा हिशेब चालत नाही.

आता तुझी मंडळी या रकान्यात बसवून बघू. विक्समधून साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आहे तिथे आहे, निघालात तर नव्यानं बांधा. त्याच्या जुन्या एडिटरमध्ये एकदा टेम्प्लेट निवडून साइट केली की नंतर त्याच साइटला दुसरं टेम्प्लेटही चढवता येत नाही. फ्रेमरही एचटीएमएल हातात देत नाही. स्क्वेअरस्पेस पानं आणि ब्लॉग वर्डप्रेसला वाचता येईल अशा फाइलीत देतं, पण सगळं नाही, आणि रूप तर नाहीच. वेबफ्लो पैसे भरणाऱ्याला एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट बांधून देतं. मात्र आतल्या सीएमएसमधला मजकूर वेगळा सीएसव्हीत काढावा लागतो, आणि बाहेर नेलेल्या साइटवरचे फॉर्म मुके होतात. वर्डप्रेस तेवढं पुरं तुमचं. २००३मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेलं, मुक्त परवान्याचं. आज जगातल्या दर दहा साइट्समधल्या चाराहून अधिक त्यावर चालतात. सामान गाडीत घालून कुठल्याही होस्टिंगवर न्या. फक्त तिथेही एलिमेंटरसारखं प्लगिन वापरलंस तर ते बंद केल्यावर मजकूर राहतो, मांडणी विस्कटते. म्हणजे घरातही एक भाड्याची खोली असतेच.

मग सरळ वर्डप्रेस शीक म्हणू का? नाही म्हणणार. शिकायला वेबफ्लो घे, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

आम्ही पेजमेकरवाले मजकुराचा ठोकळा उचलून हवा तिथे ठेवायचो. चालायचं, कारण कागदाला माप होतं: डेमी, क्राउन, ए-फोर. तुझ्या कागदाला माप नाही. एकाच्या खिशात तो चार बोटं रुंद, दुसऱ्याच्या टेबलावर दोन हात. ज्या साधनात वस्तू हवी तिथे टाकता येते, तिथे ती मोठ्या पडद्यावर छान बसते आणि फोनवर दुसरीच्या मांडीवर जाते. मग फोनचं पान वेगळं लावत बसावं लागतं. विक्सचा जुना एडिटर हा त्या घराण्यातला. वेबफ्लो तुला हवं तिथे टाकू देत नाही. पेटीत पेटी, त्या पेटीत पेटी. पॅडिंग आत, मार्जिन बाहेर. मोठ्या पडद्यावर जे ठरवशील ते ९९१, ७६७ आणि ४७८ पिक्सेलांच्या पायऱ्यांवरून खाली उतरत जाणार. पहिले आठ दिवस रडू येईल. पण जे शिकशील ते वेबफ्लो नसतं, सीएसएस असतं. उद्या ती कंपनी बुडाली तरी फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड तुझ्या डोक्यातून कोणी काढून घेणार नाही. एकच कर: क्लासला नावं नीट दे. ‘डिव्ह ब्लॉक ४७’ हे नाव सहा महिन्यांनी तुलाही कळणार नाही, तुझ्यामागून येणाऱ्याला तर नाहीच.

फ्रेमर तुला आवडणार, मला ठाऊक आहे. ॲमस्टरडॅमच्या त्या मंडळींनी आधी प्रोटोटाइपचं साधन केलं होतं, २०२२पासून ते साइट्सकडे वळले, आणि अजूनही हात फिग्मासारखाच चालतो. हलतं-डुलतं काम त्यात अर्ध्या वेळात होतं. तुझा स्वतःचा पोर्टफोलिओ बेलाशक त्यात कर. दोन वर्षांनी तो तुलाच जुना वाटेल आणि तू नव्यानं करशील; तिथे बाहेर पडायची चिंता कशाला?

तुझ्याकडे आलेलं गुहागरच्या होमस्टेवाल्या काकांचं काम मात्र फ्रेमरमध्ये करू नकोस, आणि वेबफ्लोतही नको. ते मे महिन्यात रोज दर बदलणार, पावसाळ्यात अर्ध्या खोल्या बंद ठेवणार, आणि प्रत्येक वेळी तुला फोन करणार. मी एका दवाखान्याची साइट अशी सुंदर केली होती की डॉक्टरांना वेळ बदलायला मीच लागायचो. रात्री अकराला फोन, ‘उद्या बंद आहे, टाका.’ वर्षभर फुकट टाकलं. काकांना विक्स किंवा स्क्वेअरस्पेस दे, मराठी-इंग्रजी दोन्ही पानं लाव, आणि दर कुठे बदलायचे ते त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच बोटानं, तीनदा करून घे. बाहेर पडायची पुरती सोय नाही हे त्यांना आधी सांग. आठ पानांचीच साइट आहे. कधी सोडावी लागली तर फोटो आणि मजकूर तुझ्याकडच्या फोल्डरात असला म्हणजे झालं. नव्यानं बांधायला चार दिवस पुरतात. कळायला हवं ते एवढंच: हरवलं तर किती हरवेल?

तुझ्या दुसऱ्या, वाचनालयाच्या कामात मात्र हा प्रश्न जड होतो. शंभरी उलटलेली संस्था, दर तीन वर्षांनी बदलणारी कार्यकारिणी, चेकवर सही करणारे खजिनदार. त्यांच्याकडून डॉलरमधला मासिक हप्ता कार्डावरून कसा जाणार? १ ऑक्टोबर २०२१पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागले. परदेशी कंपनीची व्यवस्था त्यात बसत नसेल तर हप्ता अडकतो, आणि हप्ता अडकला की साइट झोपते. आणि मग कार्ड कोणाचं होतं? मागच्या सचिवांचं. तिथे वर्डप्रेस घाल, होस्टिंग भारतातलं, वर्षाची पावती रुपयांत. आतले पडदे मराठीत करता येतात, ग्रंथपालबाईंना ते बरं पडेल. पण वर्डप्रेस म्हणजे अंगण आहे, रोज झाडायला कोणी तरी हवं: अपडेट, बॅकअप, नको ती प्लगिन काढणं. त्या झाडलोटीचे वर्षाचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिही. संकोच करू नकोस; मी केला.

पुस्तकांची यादी साइटवर शोधता यावी असं ते म्हणतात. ती साइट-बिल्डरमध्ये किंवा वर्डप्रेसच्या पानांत कोंबू नकोस. ग्रंथालयांसाठी कोहा आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेलं आणि मुक्त. एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. तुझ्या साइटवर त्याची फक्त वाट दाखव. डिझायनरनं सगळं स्वतःच्या पानात ओढायचं नसतं. मला हे उशिरा कळलं.

आता तुझ्या तक्त्यातल्या साधनांच्या टेम्प्लेट्सना मी गुण का दिले नसते ते सांगतो. ते सगळे नमुने रोमन लिपीत सुंदर दिसतात. त्यात मराठी ओत. आधी ‘कऱ्हाडच्या दुसऱ्या दुकानातल्या तऱ्हा’ असं काही तरी टाक आणि ‘ऱ्हा’ नि ‘ऱ्या’ नीट उमटतात का बघ. मग ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, ते बघ. वाचनालयाच्या अध्यक्षांना ते पहिल्या नजरेत कळतं, तुमच्या पिढीला नाही. शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, ते आधी शून्य कर, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्दाचे दात पडतात. ओळींमधलं अंतर सव्वापट असेल तर दीडपटीच्या पुढे ने. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना टोचतात. मुंबईच्या एक टाइपनं केलेला ‘मुक्त’ मोफत आहे, तो मजकुराला चालेल. पुस्तकी रूप हवं तर ‘तिरो देवनागरी मराठी’ बघ. फॉन्ट तुझ्या लॅपटॉपवर आधीच बसवलेला असेल तर तिथे सगळं गोड दिसणारच, म्हणून दुसऱ्याच्या साध्या फोनवर उघडून बघ. आणि सेटिंगमध्ये पानाची भाषा मराठी लिही. ते राहिलं तर ज्याला दिसत नाही त्याला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आपलं मराठी भलत्याच उच्चारांत वाचतं. या परीक्षेत जो नापास होईल त्याला बाकी दहापैकी नऊ असले तरी वाचनालयासाठी तो बाद.

ऑनलाइन दुकान चालवणारी पार्टी आली तर माझ्याकडे येऊच नकोस. यूपीआयनं पैसे येतात का आणि पावती जीएसटीची निघते का, हे दोन प्रश्न आधी विचार, मगच रंगांबद्दल बोल. आणि एक वाक्य लिहिलं की अख्खी साइट उभी करणारं जे नवं आलंय, ते वापर, मी अडवत नाही. विक्सनं २०१६मध्येच त्या दिशेनं प्रयोग केला होता. कच्चा खर्डा म्हणून ठीक आहे. आम्हीही लग्नपत्रिकेचे नमुने दाखवायचोच.

डोमेन नेहमी पार्टीच्या नावावर, पार्टीच्या ईमेलवर, पार्टीच्या पैशानं. तुझ्या खात्यात एकही नको, गुहागरच्या काकांचंही नको, ते कितीही म्हणाले ‘तूच बघ गं’ तरी. साधन कुठलंही चुकलं तरी निस्तरता येतं. पण पाटी दुसऱ्याच्या नावावर असली की नवं घर बांधूनही लोक जुन्याच दारात येऊन उभे राहतात.

ग्रंथपालबाईंकडून पुस्तकांची एक्सेल फाइल मागवून घे आणि मला पाठव. तिचा फॉन्ट युनिकोड आहे की आमच्या जमान्यातला, ते आधी बघू. जुना निघाला तर घाबरू नकोस, रूपांतर होतं, मी बसेन. येत्या शनिवारी दुपारी मोकळा आहे. येताना ताईला म्हणावं, लोणच्याची बरणी रिकामी झालीय.

तुझा,
मामा