माशाच्या अंगावरची रेघ

माशाला पापण्या नसतात. त्याचे डोळे सदा उघडे. कान डोक्याच्या आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. पावसाळ्यात तळ्याचे पाणी गढूळ होते, मग डोळ्यांचा काय उपयोग? पण रोहूच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक रेघ असते. तिच्यात छोटी छोटी छिद्रे असतात. पाणी जरा हलले की त्याला तिथे कळते. मागून मरळ गिळायला आली, तर रोहूचे पिल्लू न बघताच पळते. आम्ही हळूच हात घातला तरी सटकते!

मागूर माशाला आठ मिशा असतात. चिखलातला किडा तो मिशांनी चाखून शोधतो. आजोबा म्हणाले, मिशा मलापण आहेत, पण चव काही कळत नाही.

घरी रोहू आणला तर खवले काढायच्या आधी रेघ बघा.