मज्जारोपणानंतरचे खुब्याचे दुखणे

रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण अस्थिमज्जारोपणाने बरा होऊन घरी परतला, की गंगेत घोडे न्हाले असे घरच्यांना वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या उपचाराचे काही परिणाम असे आहेत की, ते मूळ रोग गेल्यानंतर काही महिन्यांनी, वर्षा-दोन वर्षांनी, क्वचित त्याहूनही उशिरा डोके वर काढतात. रक्तपुरवठा तुटल्यामुळे हाडाचा काही भाग मृत होणे, हा त्यांपैकी एक होय. डॉक्टर त्यास 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' म्हणतात. बोलीभाषेत या विकाराला वेगळे नाव नाही. त्यामुळे तो 'वात' या नावाखाली खपून जातो आणि मोलाचे महिने वाया जातात.

हाड हे वाळलेल्या लाकडासारखे निर्जीव असते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ते जिवंत असते. त्यात जुना भाग झिजून नवा भरण्याचे काम जन्मभर चालू राहते व त्यासाठी त्याला रक्त लागते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोळ्यासारखे असून ते कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. हाच खुब्याचा सांधा. या गोळ्याला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या बारीक व मोजक्या आहेत. घाटातील एखाद्या वाडीला एकच वाट असावी आणि तीच दरड कोसळून बंद व्हावी, तशी त्याची स्थिती होते. मृत भाग लगेच ढासळत नाही. काही काळ तो शरीराचा भार वाहत राहतो. शरीर मृत हाड काढून नवे घालू पाहते. पण या खटपटीत तो भाग ठिसूळ होतो, कूर्चेखाली त्यास चीर पडते आणि गोल गोळा चपटा होतो. पुढे सांधाच झिजतो.

मज्जारोपणाशी याचा संबंध कसा, हे समजण्यासाठी उपचाराची रीत ध्यानात घेतली पाहिजे. प्रथम तीव्र औषधांनी, आणि काही रुग्णांत सर्व शरीरावर किरणोपचार करून, रोगट मज्जा नष्ट केली जाते. मग दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे दिल्या जातात. या पद्धतीचा पाया घालणारे अमेरिकन डॉक्टर ई. डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली असे रोपण झाले. दात्याच्या पेशी कधी कधी रुग्णाच्याच शरीराला परके समजून त्याच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. तो आवरण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड औषधे महिनोन्महिने द्यावी लागतात, आणि हाडाच्या मृत्यूचे प्रमुख कारण तेच ठरते. या औषधांमुळे मज्जेतील चरबी वाढून हाडाच्या बंदिस्त पोकळीत दाब वाढतो व बारीक वाहिन्यांतील प्रवाह खुंटतो. किरणोपचारामुळे धोक्यात भर पडते. दुसऱ्याच्या मूलपेशी घेतलेल्या रुग्णांत हा विकार शंभरात सुमारे ४ ते १९ जणांना झाल्याचे निरनिराळ्या अभ्यासांत दिसले आहे. स्वतःच्याच पेशी परत घेतलेल्यांत तो कमी आढळतो.

करोनाच्या साथीनंतर २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांत हाच विकार नोंदविला, तेव्हा वृत्तपत्रांतून त्याचा बराच गाजावाजा झाला. त्या भीतीपोटी कोणी औषध आपल्या मनाने बंद करू लागला, तर मात्र अनर्थ ओढवेल. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी तोडल्यास प्राणावर बेतू शकते. मात्रा कमी करणे हे डॉक्टरांचेच काम.

दुखणे प्रारंभी जांघेत उमटते. कधी नितंबात, कधी मांडीत. पुष्कळदा मात्र रुग्ण गुडघ्यावरच बोट ठेवतो, कारण खुब्याची वेदना गुडघ्याकडे उतरते. मग गुडघ्याला तेल चोळले जाते, गुडघ्याचेच क्ष-किरण छायाचित्र निघते आणि त्यात काही दिसत नाही. मांडी घालून बसता न येणे, शौचास उकिडवे बसताना कळ येणे, एस.टी.च्या पायरीवर पाय टाकताना अडखळणे, ही लक्षणे घरच्या माणसांना डॉक्टरांच्या आधी दिसतात. रोपण झालेला विद्यार्थी कवायतीच्या तासाला लंगडू लागला, तर तो अंग चोरतो असे शिक्षकांनी समजू नये. खुब्याचे छायाचित्रही पहिल्या अवस्थेत निर्दोष येऊ शकते. एम.आर.आय. तपासणीत हा बदल लवकर उमगतो, आणि एकच बाजू दुखत असली तरी दोन्ही खुबे तपासणे इष्ट असते, कारण हा विकार अनेकदा दोन्हीकडे असतो. खांदा, गुडघा व घोटा यांनाही तो होतो.

गोळा ढासळण्यापूर्वी निदान झाले, तर सांध्यावरील भार कमी करतात. काठी घ्यावयाची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण नेमकी उलट घेतात. काही रुग्णांत हाडाला बारीक भोक पाडून आतील दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया करतात. हाड बळकट करणारी औषधेही दिली जातात, परंतु त्यांच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. गोळा चपटा झाल्यावर कृत्रिम सांधा बसविणे हा मुख्य उपाय उरतो. तो वेदना घालवितो, पण विशी-तिशीतील रुग्णास पुढे तो बदलावा लागण्याचा संभव असतो. मालिशीने किंवा हाडवैद्याच्या ओढाताणीने तुटलेला रक्तपुरवठा परत येत नाही.

सिकलसेल रोगात तर रोपणापूर्वीच विळ्याच्या आकाराच्या पेशी वाहिन्या तुंबवून खुब्याचे हाड मारू शकतात. विदर्भातील व मध्य प्रदेश, गुजरातच्या आदिवासी भागांतील कार्यकर्त्यांनी हे विशेष जाणावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल व थॅलेसेमिया यांचा, तसेच चलनवलनाच्या अपंगत्वाचा समावेश आहे. अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी 'कर्करोग तर बरा झाला' म्हणून लंगडणाऱ्या रुग्णास परत पाठवू नये.

रुग्णालयात जाताना रोपणाचे कागद बरोबर न्यावेत आणि स्टिरॉइड कोणते, किती व किती महिने घेतले हे लिहून ठेवावे. गुडघा दाखवावयास आलेल्या माणसाचा खुबा तपासावयास हवा, हे डॉक्टरांना पुष्कळदा त्या चिठ्ठीवरूनच सुचते.