रोझा पार्क्स थकल्या होत्या का?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात लिहिले आहे, की रोझा पार्क्स दिवसभर शिवणकाम करून थकल्या होत्या, म्हणून त्या बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत. मुलगी विचारते, 'रोजच थकत असतील ना, मग त्याच दिवशी का नाही उठल्या?' काय सांगू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीची शंका अगदी रास्त आहे. तिच्या पुस्तकाने मोठा भाग गाळला आहे.

१ डिसेंबर १९५५ला, अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात, रोझाबाई ४२ वर्षांच्या होत्या. अंगाने आपण काही रोजच्यापेक्षा जास्त थकलो नव्हतो, हे त्यांनी स्वतःच १९९२च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. कंटाळा आला होता तो सतत नमते घेण्याचा. त्या गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकांच्या लगेच मागे बसल्या होत्या. पुढची बाके भरली, एक गोरा प्रवासी उभा राहिला, आणि ड्रायव्हरने त्या रांगेतल्या चौघा कृष्णवर्णीयांना उठायला सांगितले. तिघे उठले. रोझाबाई मात्र खिडकीकडे सरकून बसल्या. याच ड्रायव्हरने १९४३मध्ये त्यांना बसमधून उतरवले होते.

त्याच वर्षापासून त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचे चिटणीसपद सांभाळू लागल्या होत्या. अन्याय झालेल्यांच्या हकिकती त्या लिहून घेत. १९५५च्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर शाळेत कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. म्हणजे त्या संध्याकाळच्या नकारामागे बारा वर्षांचे काम होते. मुलांच्या पुस्तकांतून नेमके हेच निसटते, याचे मला फार वाईट वाटते. धैर्य एका क्षणात आकाशातून पडते असे वाटले, तर मूल त्याची वाट पाहत बसेल.

मुलीला क्लॉडेट कॉल्व्हिनबद्दलही जरूर सांगा. पंधरा वर्षांची ही शाळकरी मुलगी रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ला, याच शहरात बसमधून उठली नाही. पोलिसांनी तिला हातकड्या घातल्या. पण अपिलात न्यायाधीशांनी वर्णभेदाच्या नियमाचा आरोप काढून टाकला आणि मारहाणीचा तेवढा ठेवला, त्यामुळे तिच्या खटल्यातून त्या नियमालाच आव्हान देणे अवघड झाले. शिवाय तिचे लहान वय आणि गरीब घर पाहून पुढारी कचरले. पुढे ती लग्नाआधी गरोदर राहिली, तेव्हा तिला पुढे करायला कुणीच धजले नाही.

रोझाबाईंच्या अटकेनंतर बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक मैलोन्‌मैल चालले, एकमेकांच्या मोटारींतून गेले. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 'ब्राउडर विरुद्ध गेल' खटल्यात मात्र रोझाबाई वादी नव्हत्या. चार वादी बायकांत क्लॉडेट होती, आणि तिने कोर्टात साक्षही दिली. नोव्हेंबर १९५६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की फिलिप हूज यांचे 'क्लॉडेट कॉल्व्हिन : ट्वाइस टुवर्ड जस्टिस' (२००९) तिच्या हाती द्या. त्यात क्लॉडेट स्वतः बोलते. तोवर तिच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरे : रोझाबाई त्याआधीही नाही म्हणाल्या होत्या, आणि या वेळी त्यांच्यामागे अख्खे गाव उभे राहिले.