पत्र्यावरचे थेंब

पौष महिन्यातील पहाट. बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर या गावावर आकाश निरभ्र आहे. उसाचे फड दवाने भिजले आहेत. अशा वेळी पत्र्याच्या घरात निजलेल्या एखाद्या मुलाच्या गालावर थंडगार थेंब टपकन पडतो. मूल दचकून उठते. बाहेर पाऊस नाही, पत्र्याला भोक नाही. मग हे पाणी आले कोठून?

हा प्रदेश पर्जन्यछायेतील. येथे पाऊस बेताचाच पडतो. नीरेच्या डाव्या कालव्यामुळे शिवार ओलिताखाली आले, हे खरे. परंतु घरातील तो थेंब कालव्याचाही नव्हे. तो घरच्या माणसांनीच निर्माण केलेला असतो.

मनुष्याच्या श्वासातून व त्वचेतून सतत वाफ बाहेर पडते. पाच माणसे एका खोलीत रात्रभर निजली, तर लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सहज मिसळते. भात शिजतो, आंघोळीचे पाणी तापते, ओले कपडे दोरीवर वाळतात. त्यांची वाफही हवेतच जाते. फार काय, एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की त्यापासून सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते!

उबदार हवेत पुष्कळ वाफ मावते. थंड हवेत थोडी. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांस १७ ग्रॅमच राहते. पहाटे पत्रा गार होतो. त्याला लागलेली हवा थंड होते आणि न मावणाऱ्या वाफेचे थेंब बनतात. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तो याच कारणाने.

थेंब दिसतो, म्हणून त्याची तक्रार होते. परंतु ज्या घरातून वाफ बाहेर जात नाही, त्या घरातून धूरही जात नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक गरीब घरांत गॅस पोचला; तरीही आंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी कित्येक ठिकाणी चूल पेटतेच. लाकूड व गोवऱ्यांच्या धुरातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही लहान असतात. ते फुप्फुसांत खोलवर शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील अशा दूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. चुलीपुढे बसणारी माता आणि तिच्या कडेवरचे मूल यांना हा धूर सर्वाधिक भोवतो.

ओलही निरुपद्रवी नसते. दमट भिंतीवर बुरशी धरते, अंथरुणात सूक्ष्म किडे वाढतात आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. त्याहून घातक म्हणजे बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून निजणे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. निजलेला मनुष्य जागा न होताच प्राणास मुकतो.

धाब्याच्या जुन्या घरांना माळवदात झरोका असे. त्यातून उजेड आत येई व धूर वर निघून जाई. नव्या घरात ती सोय मुद्दाम करावी लागते. समोरासमोरच्या दोन खिडक्या रोज थोडा वेळ उघडाव्या. चुलीवर धुराडे असावे. गॅसच्या शेगडीजवळ हवेला वाट असावी. कपडे अंगणात वाळवावे. अंथरुणाला ऊन दाखवावे. थंडीच्या भीतीने सारी दारे-खिडक्या बंद करणारा मनुष्य थंडीला बाहेर ठेवतो, पण धुराला व ओलीला घरात कोंडतो.

पहाटेचा तो थेंब मुलाची झोप मोडतो खरा. परंतु तो शत्रू नव्हे. घराचा श्वास कोंडला आहे, एवढेच तो सांगत असतो. त्याचे ऐकून जो खिडकी उघडतो, तोच शहाणा.

स्वाध्याय

१. पाऊस नसतानाही पत्र्यातून थेंब का पडतात?
२. बंद खोलीत पेटती शेगडी का ठेवू नये?
३. स्वतःच्या घरात वाफ व धूर कोठून निघतात आणि कोणत्या वाटेने बाहेर जातात, ते पाहून दहा ओळी लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : प्राणास मुकणे, भोवणे, श्वास कोंडणे.